समुपदेशनाला किती लागतात? नाशिककरांसाठी एक हिशेब

कॅनडा कॉर्नरवरून शरणपूर रोडने निघालं आणि पुढे गंगापूर रोडला वळलं, की दवाखान्यांच्या पाट्या वाचता वाचता मान दुखते. त्यांत मनाशी संबंधित पाट्याही आता बऱ्याच आहेत. मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक, माइंड कोच, शिवाय कुठे कुठे नुसतंच 'हीलिंग'. दाताच्या डॉक्टरला आपण फोनवर सरळ विचारतो, "रूट कॅनलचे किती होतील?" इथे मात्र तोच प्रश्न विचारताना जीभ अडखळते. मग कुणी तीन हजारांच्या चाचण्या करून रिपोर्ट कपाटात ठेवतं, तर कुणी एका सेशनला हजार रुपये देऊन 'नुसतं बोलायचे एवढे?' म्हणत परत जातच नाही. दोघांचेही पैसे वाया जातात. फी जास्त होती म्हणून नव्हे, क्रम चुकला म्हणून.

पुढचे आकडे नाशिकच्या खासगी दवाखान्यांत साधारणपणे ज्या पट्ट्यात फी असते, त्याचे अंदाज आहेत. अनुभव, भाग आणि वेळ यांनुसार फरक पडतो, म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच फी विचारा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि फी विचारल्यावर चिडणाऱ्या माणसापुढे मन मोकळं करणं तसंही अवघडच जाणार.

आधी पाटी वाचायला शिका

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. या पाट्यांपैकी औषध तोच लिहू शकतो. पहिली भेट साधारण ७०० ते १,२०० रुपये, फेरतपासणी ४०० ते ७००. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. ही १९९२च्या कायद्याची अट आहे, आणि नोंदणी क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर कुणालाही पडताळता येतो. चाचण्या आणि थेरपी हे त्यांचं काम, औषध लिहिणं नाही. सेशन ४५ ते ६० मिनिटांचं, फी ८०० ते १,५०० रुपये. समुपदेशकाच्या बाबतीत अशी एकच नोंदवही दाखवता येत नाही. मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं देखरेखीखाली शिकलेला समुपदेशकही असतो आणि शनिवार-रविवारच्या कोर्सचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावणाराही असतो. फी ५०० पासून सुरू होते. शिक्षण कुठे झालं, कोणत्या पद्धतीचं प्रशिक्षण घेतलं आणि स्वतःच्या केसेस कुणाशी चर्चून घेता, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून बरंच काही कळतं.

कोचिंग आणि हीलिंगला माझ्या लेखी या हिशेबात जागा नाही.

तपासणी म्हणजे चाचणी नव्हे

लोकांना वाटतं, रक्त तपासतात तसं मनही कुठल्यातरी चाचणीने तपासतात. खरी तपासणी म्हणजे मुलाखत. त्रास कधीपासून आहे, झोप कशी, भूक कशी, घरात कुणाला असं काही होतं का, दारू किती, कामावर काय बदललं, जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार येतात का. चांगली पहिली भेट अर्धा ते पाऊण तास चालते, आणि बहुतेक मोठ्या माणसांचं निदान तिच्यातच होतं. तिचे वेगळे पैसे नसतात, पहिल्या भेटीच्या फीतच ती येते. जोडीला नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ किंवा सात प्रश्नांची जीएडी-७ ही प्रश्नावली भरून घेतात. या दोन्ही विनामूल्य वापरता येतात. पीएचक्यू-९ चे गुण ० ते २७. १० किंवा जास्त आले, तर उदासीकडे नीट पाहायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून निदान होत नाही. कुणी या प्रश्नावलीचे स्वतंत्र ८०० रुपये लावत असेल, तर कशाचे ते विचारा.

डॉक्टरने थायरॉइड, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ तपासायला सांगितलं, तर टाळू नका. थकवा, रडू येणं, छातीत धडधड यांमागे थायरॉइड असू शकतं, आणि ते कळलं तर पुढचे सगळे पैसे वाचतात. थायरॉइडची टीएसएच चाचणी दोन-चारशे रुपयांत होते.

मानसशास्त्रीय चाचण्या लागतात त्या विशिष्ट प्रश्नांसाठी. मूल अभ्यासात मागे आहे ते बुद्धीमुळे, अध्ययन अक्षमतेमुळे, लक्ष टिकत नाही म्हणून, की घरातल्या ताणामुळे? सत्तरीच्या आजोबांचं विसरणं वयाचं की आजाराचं? निदानाबद्दल डॉक्टरलाच शंका आहे का? म्हणून चाचणीचे पैसे मोजण्यापूर्वी एकच विचारा: 'या रिपोर्टने पुढचा कोणता निर्णय बदलणार आहे?' उत्तर मिळालं नाही, तर चाचणी थांबवा.

फीचा पट्टा साधारण असा: नुसती बुद्ध्यंक चाचणी १,००० ते ३,०००, अध्ययन अक्षमतेची पूर्ण तपासणी ३,००० ते ८,०००, रोर्शाकसारख्या शाईच्या डागांची किंवा व्यक्तिमत्त्वाची चाचणी १,५०० ते ४,०००. एवढा फरक का, हे समजून घेण्यासारखं आहे. दोन तास मूल समोर बसवून चाचणी घ्यायची, गुण काढायचे, अर्थ लावायचा, रिपोर्ट लिहायचा, मग आईवडिलांना समजावून सांगायचा. यातल्या शेवटच्या दोन पायऱ्या स्वस्त रिपोर्टमधून गळतात. दुसरं कारण चाचणीचा संच. आपल्याकडे अजूनही वापरात असलेली बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात धारवाडला मराठी आणि कानडी मुलांवर प्रमाणित केली. त्या काळाच्या मानाने हे मोठंच काम होतं. पुढे नागपूरच्या मालिन यांनी वेक्सलरच्या बुद्ध्यंक चाचणीचं भारतीय रूप १९६९मध्ये आणलं, तीच 'मिसिक'. दोन्ही स्वस्त आणि हाताशी असलेल्या. पण त्यांचे मानदंड जुने झाले आहेत, आणि जुन्या मानदंडांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यंक फुगून येऊ शकतो. वेक्सलरच्या नव्या भारतीय आवृत्तीचा संच महाग असतो, प्रत्येक मुलामागे उत्तरपुस्तिकेचा खर्च असतो, आणि तो फीत उतरतो. म्हणून फी विचारताना चाचणीचं नावही विचारा. 'आयक्यू टेस्ट' हे नाव नव्हे. रिपोर्टवर चाचणीचं नाव, तारीख, तपासणाऱ्याचा नोंदणी क्रमांक आणि पुढे काय करायचं याच्या सूचना हव्यात. निव्वळ एका आकड्याचा रिपोर्ट घेऊ नका.

बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणारे लोक दहावीच्या निकालाच्या सुमारास शाळांच्या आसपास दिसू लागतात. चार-पाच हजार घेतात. त्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. तेवढ्या पैशांत मुलाला त्र्यंबकेश्वर, हरिहरगड फिरवून आणा आणि वाटेत त्याला काय आवडतं ते विचारा.

अध्ययन अक्षमतेबाबत आणखी एक गोष्ट आधीच कळायला हवी. दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक किंवा विषयाचा पर्याय हवा असेल, तर राज्य मंडळ खासगी रिपोर्ट थेट मानत नाही. शासकीय रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, आणि अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. खासगीत आठ हजार घालवून, दहावीच्या डिसेंबरात प्रमाणपत्राची धावपळ करणारे पालक दरवर्षी असतात. नववीतच, आणि आधी त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात चौकशी करा. तिथे वाट पाहावी लागते, तारखा लांबच्या मिळतात. खासगी तपासणीचा उपयोग शिकवण्याची दिशा ठरवायला होतो, सवलतीसाठी नाही.

थेरपीचे पैसे कशाचे?

'नुसतं बोलायचे' हा आक्षेप अगदीच निराधार नाही. नुसतंच बोलणं होत असेल, तर मीही तोच घेईन. उपयोगी पडणाऱ्या थेरपीत काम असतं, आणि त्यातलं बरंचसं घरी करायचं असतं.

ज्याला अचानक छाती धडधडून 'आता मरतो' असं वाटतं, त्याला थेरपिस्ट ती धडधड मुद्दाम आणायला लावतो. जिने चढ, खुर्चीवर बसून जोरात श्वास घे, आणि बघ काय होतं. धडधड येते, काही मिनिटांत उतरते, काही होत नाही. हे दहा वेळा अंगावर घेतल्यावर मेंदू धोक्याची घंटा वाजवणं कमी करतो. हात धुण्याच्या चक्रात अडकलेल्या माणसाला दाराच्या कडीला हात लावून न धुता थांबायला शिकवतात, पहिल्यांदा पाच मिनिटं, मग वीस. इथे घरच्यांनाही शिकावं लागतं. 'आई, हात स्वच्छ आहेत ना?' याला दर वेळी 'हो बाळा' म्हणणं प्रेमाचं असलं, तरी आजार पोसणारं असतं. उदासीत झोपून राहिलेल्या माणसाला मन लागण्याची वाट न बघता रोजच्या दिवसात दोन छोटी कामं लिहून दिली जातात. मूड मागाहून येतो.

विचारांच्या गाठी सोडवण्याची पद्धत मराठीत काही नवी नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी पुस्तकांतून किती तरी आधी घराघरांत नेली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थचे मराठी व्हिडिओ फुकट पाहता येतात. थेरपी सुरू करण्याआधी त्यातले दोन-चार पाहिले, तर पहिल्या सेशनमध्ये प्रस्तावनेचा वेळ वाचतो.

अशा ठरावीक थेरपीला बहुधा आठ ते सोळा सेशन लागतात. म्हणून हिशेब एका सेशनचा करू नका. नोकरदार घराने दहा सेशनचे पैसे बाजूला काढून मगच सुरू करावं, हे माझं ठाम मत आहे. हजाराचं एक सेशन करून सोडण्यापेक्षा पाचशेवाल्या चांगल्या समुपदेशकाकडे दहा केलेले बरे. पहिल्या दोन सेशनांत उद्दिष्ट ठरायला हवं, 'बरं वाटावं' असं मोघम नाही, तर 'पुन्हा कामाच्या बसने जाता यावं' असं. चौथ्या-पाचव्याला थांबून विचारा, काय बदललं? काहीच नाही, तर पद्धत बदला किंवा माणूस बदला. थेरपिस्ट बदलणं अपमानास्पद नाही.

वीस सेशनचं पॅकेज आगाऊ भरायला लावणारा, शंभर टक्के हमी देणारा, डॉक्टरची औषधं बंद करायला सांगणारा, यांच्याकडून उठून यावं.

एक हिशेब मांडून पाहू

समजा सातपूर एमआयडीसीतला पस्तिशीचा एक ऑपरेटर. रात्रपाळीत धडधड, घाम. इमर्जन्सीत गेला, ईसीजी नॉर्मल. एकदा फिजिशियनला दाखवून हृदयाचं नक्की करणं योग्यच. पण तिसरा ईसीजी आणि दुसरी टूडी इको झाल्यावरही तो नवा हृदयरोगतज्ज्ञ शोधत असतो, आणि तोवर सहज आठ-दहा हजार गेलेले असतात.

आता दुसरी वाट, सगळी खासगी. मानसोपचारतज्ज्ञाची पहिली भेट ८००. पाच फेरतपासण्या प्रत्येकी ५००, म्हणजे २,५००. रक्ततपासणी ६००. औषध महिना ४०० रुपयांचं, नऊ महिने, ३,६००. थेरपीची दहा सेशन प्रत्येकी १,०००, म्हणजे १०,०००. एकूण १७,५००. महिन्याला दोन हजारांच्या आत, पण फसवं इथेच आहे. थेरपी सुरुवातीला दर आठवड्याला असते, त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांतच चौदा हजारांच्या आसपास जातात. तिथेच माणसं मागे फिरतात. औषध तर बरं वाटलं की बंद करतात; खरं तर लक्षणं गेल्यावरही निदान सहा महिने ते चालू ठेवायचं असतं आणि मग डॉक्टरच्या सांगण्याने हळूहळू कमी करायचं असतं.

हाच हिशेब दहा हजारांच्या आसपास आणता येतो. तपासणी आणि औषध सरकारी रुग्णालयातून, थेरपी तेवढी खासगी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. सकाळी लवकर जा, जुनी कागदपत्रं न्या, मानसोपचार विभाग कोणत्या वारी असतो ते आदल्या दिवशी विचारा. तिथे डॉक्टरला पाऊण तास देता येत नाही, हे गृहीत धरून त्रासाची टिपणं एका कागदावर लिहून न्या. आडगावच्या डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे, आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात फी कमी असते. औषध बाहेरून घ्यायचं झालं, तर डॉक्टरला ब्रँडऐवजी मूळ औषधाचं नाव लिहायला सांगून जनऔषधी केंद्रात चौकशी करा. उदासी आणि चिंतेवरची नेहमीची औषधं तिथे बाजाराच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात.

आणि आपला ऑपरेटर? त्याचा पगार २१,००० किंवा कमी असेल, तर तो राज्य कामगार विमा योजनेत असतो, पगारातून पैसे कापले जात असतात, आणि सातपूरचं कामगार विमा रुग्णालय त्याच्या घराजवळ असतं. तिथून सुरुवात केली, तर खर्च जवळजवळ उरत नाही. काही गंभीर मानसिक आजारांत, अटी पुऱ्या होत असतील तर, या योजनेत दीर्घ आजारपणाचा भत्ताही मिळतो, वेतनाच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. कंपनीच्या एचआरला हे बहुधा ठाऊक असतं. विचारलं नाही, तर सांगत मात्र नाहीत.

सुरगाणा, पेठ, कळवण इथून येणाऱ्याला फीपेक्षा जाणं-येणं आणि बुडालेली रोजी जास्त पडते. एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट. तरीही दर आठवड्याला येणं जमत नसेल, तर पहिली दोन सेशन समोरासमोर आणि बाकी व्हिडिओवर, असं थेरपिस्टशी ठरवा. घरात एकांत नसेल, तर शेतात, गाडीत, देवळामागे, जिथे कुणी ऐकत नाही आणि रेंज आहे, तिथे बसा. असं करणारे कमी नाहीत.

यापैकी काहीच जमत नसेल, तर टेलिमानस. १४४१६ हा केंद्र सरकारचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील, तर मात्र फीचा, तारखेचा विचारच नको. माणसाला एकटं सोडू नका, १४४१६ ला फोन करा, थेट जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या, १०८ ची गाडी बोलवा. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला कायदा आता गुन्हेगार न धरता तीव्र ताणाखाली असलेला मानतो. पोलिसांच्या भीतीने घरीच लपवून ठेवू नका.

विमा आणि कागद

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा, लागू झाला २९ मे २०१८ला. त्याच्या २१व्या कलमात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं असं म्हटलं आहे, आणि विमा नियामकाने ऑगस्ट २०१८मध्ये तसं परिपत्रक काढलं. वाचून हुरळून जाऊ नका. बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात. थेरपी ही ओपीडी, त्यामुळे पॉलिसीत ओपीडीचं कलम नसेल, तर दहा सेशनांचे दहा हजार तुमच्याच खिशातून जातात. नूतनीकरणाच्या वेळी हे कलम शोधा. नव्या पॉलिसीच्या अर्जात चालू उपचार लपवू नका. पुढे भरतीचा दावा त्यावरूनच फेटाळतात.

भरती करायची वेळ आली, तर ते ठिकाण या कायद्याखाली नोंदलेलं आहे का, हे पाहा. व्यसनमुक्तीच्या नावाखाली शेतघरात चालणाऱ्या जागांबाबत हा प्रश्न हमखास विचारायचा. महिन्याचे वीस-पंचवीस हजार सांगतात, डॉक्टर रोज येतो का याचं उत्तर टाळतात, आणि पहिले पंधरा दिवस घरच्यांना भेटू देत नाहीत. कायद्याने रुग्णाला भेटण्याचा आणि बोलण्याचा हक्क आहे.

याच कायद्याने उपचारांची गुप्तता आणि स्वतःच्या नोंदी मिळण्याचा हक्कही दिला आहे. म्हणजे ज्या रिपोर्टचे पैसे तुम्ही भरले, त्याची प्रत तुमची. सासरच्यांना, शाळेला, साहेबाला तो दाखवायचा की नाही, हेही तुम्हीच ठरवायचं. दर भेटीची पावती घ्या, तारीख आणि नोंदणी क्रमांकासकट. डॉक्टर बदलला, विम्याचा दावा आला किंवा पुढे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करायची वेळ आली, तर पहिल्याच टेबलावर जुने कागद मागतात.